जबाबात नसलेला माणूस

ऑफिसात तिला सगळे भिंगबाई म्हणत. तोंडावर नव्हे, जिन्यात आणि कँटीनमध्ये. पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. विमा कंपनीत आगीच्या दाव्यांची तपासणी हे तिचं काम. कुठे दुकान जळालं, कुठे गोदाम, की जाड तळाचे बूट चढवून ही हजर. राखेत फिरायची, भिंतीवरची काजळी कुठून वर चढली ते बघायची, वितळलेल्या वायरी बोटांनी चाचपायची, आणि मग मालकासमोर खुर्ची ओढून म्हणायची, "हं, सांगा. मला घाई नाही."

माणसं सांगायला लागत. ही मध्ये बोलायची नाही, मान डोलवायची नाही, नुसती ऐकायची, आणि ऐकता ऐकता गोष्टीतलं भोक तिला दिसायचं. कुणी म्हणायचा आग लागली तेव्हा मी गाढ झोपेत होतो, आणि पुढच्याच वाक्यात धुराचा रंग सांगायचा. कुणाला कपाटातली सुई न् सुई आठवायची, पण त्या संध्याकाळी कुलूप कुणी लावलं ते आठवायचं नाही. साहेब म्हणायचे, हिच्यासमोर खोटं बोलणं म्हणजे एक्स-रे काढताना पोट आत घेणं.

घरीही तोच खाक्या. दूध उतू गेलं तर गॅस बंद करायच्या आधी कोण कुठे उभं होतं याची चौकशी. नवरा टपाल खात्यातून निवृत्त झालेला, थंड डोक्याचा. तो हात वर करून गुन्हा कबूल करायचा आणि ओटा पुसायला घ्यायचा.

अशा बाईला लेकीने वाढदिवसाला कथालेखनाचा वर्ग भेट दिला. फीसुद्धा भरून टाकली, म्हणजे नाही म्हणायची सोयच ठेवली नाही. लेकीचं म्हणणं असं, की आई, जेवताना तू ज्या गोष्टी सांगतेस त्या लिहून काढ, नाहीतर आमच्याच कानांवर वाया जातील. भिंगबाईनेही फार आढेवेढे घेतले नाहीत. उभी हयात लोकांच्या गोष्टी ऐकण्यात गेली होती. एक आपण लिहायची, त्यात काय मोठंसं.

वर्ग शनिवारी सकाळी, सार्वजनिक ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर भरायचा. लांब टेबल, जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांनी अर्ध्या झाकलेल्या खिडक्या आणि कुरकुरणारा पंखा. शिकवणारी लेखिका रेडिओसाठी नाटुकली लिहायची. वयाने भिंगबाईच्या लेकीएवढी, कधी बसायची नाही, टेबलाभोवती फिरत बोलायची. पहिल्या दिवशी तिने गोष्टीचा सगळा प्रवास एका दमात सांगितला. माणूस आगीभोवती बसायला लागला तेव्हापासून गोष्ट आहे, ती म्हणाली. आधी शिकारीच्या आणि देवांच्या, मग शहाणपण शिकवायला बोलणारी जनावरं आली, मग राजे आणि राक्षस. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर गोष्टी देशोदेशी फिरल्या, एका गोष्टीच्या पोटात दुसरी, दुसरीच्या पोटात तिसरी. सांगणारा समोर असायचा, ऐकणाऱ्याचं तोंड बघून गोष्ट लांबवायचा नाहीतर आवरती घ्यायचा. पुढे छापखाने आले, मासिकं आली, आणि गोष्टीला एका बैठकीत संपायची शिस्त लागली. तिला कथा हे नाव चिकटलं. राजे मागे पडले, कारकून आले, मोलकरणी आल्या, शेजारची माणसं आली. आणि मग तर बाहेर काहीच न घडता नुसतं मनात काय घडलं, याचीही कथा झाली.

भिंगबाईला हे सगळं पटलं. आगीभोवती बसायचं काम तर ती अजूनही करत होती.

पुढच्या शनिवारी तिने आपली कथा वाचून दाखवली. एका कापूस-गोदामाची आग, तिच्या कारकिर्दीतलं गाजलेलं प्रकरण. वाऱ्याची दिशा, छपराचे पत्रे, पहिली ठिणगी कुठे पडली आणि मालकाची थाप कशी पकडली, सगळं रेखीव. वाचताना तिचा आवाज खणखणीत होता. संपवून तिने वर बघितलं, तर औषधांचं दुकान मुलाच्या हवाली करून वर्गाला आलेले गृहस्थ छातीवर हनुवटी टेकून छान झोपले होते.

लेखिकेने विचारलं, यातलं सगळं खरं आहे का. भिंगबाई म्हणाली, शंभर टक्के, पुरावे आहेत.

"तेच होतंय," लेखिका म्हणाली. "हा अहवाल आहे. फार चांगला अहवाल आहे. दार वाजलं, ही बातमी झाली. दार वाजलं आणि ज्याने उघडायचं तो जागचा हलला नाही, इथून गोष्ट सुरू होते. तुमच्या मालकाला काय हवं होतं?"

"पैसे."

वर्ग हसला. लेखिका हसली नाही.

"ते सगळ्यांनाच हवेत. त्याला, त्या एकट्याला, काय हवं होतं? आणि ते मिळू नये म्हणून आड कोण येत होतं? त्याशिवाय पात्र उभं राहत नाही, नुसती सावली पडते."

भिंगबाईने कथेचे कागद गोळा करून पिशवीत टाकले. इतक्या वर्षांत प्रश्न विचारायची सवय झाली होती, घ्यायची नव्हती. घरी येऊन तिने नवऱ्यासमोर मन मोकळं केलं. कालची पोर मला आग शिकवते, वगैरे. नवरा म्हणाला, मला तर गोदामाची गोष्ट आवडली होती. त्यालाही ती ऐकताना डुलकी लागली होती हे तिला पक्कं आठवत होतं. पण वर्ग सोडायचा विचार तिच्या मनाला शिवला नाही. अर्ध्यावर सोडलेलं एकही प्रकरण तिच्या नावावर नव्हतं.

त्याच आठवड्यात पोशाखवाल्याचा दावा तिच्या टेबलावर आला.

नाटकांना आणि शाळांच्या कार्यक्रमांना भाड्याने पोशाख देणारं जुनं दुकान. राजा, शिपाई, डॉक्टर, भूत, सिंह, ससा, जे म्हणाल ते हँगरवर तयार. भर दुपारी आग लागली. आजूबाजूची दुकानं जेवायला बंद, त्यामुळे कुणी काही बघितलं नाही. अग्निशमन दलाचे लोक आले तोवर राजापासून सशापर्यंत सगळे खाक झाले होते. सुदैवाने आत कुणी नव्हतं.

मालक पस्तिशी-चाळिशीचा, ताडमाड उंच, बोलताना हातांचं काय करावं हे न कळणारा माणूस. पहिल्या भेटीत त्याने सांगितलं की वायर जळाली. भिंगबाईने वायरी बघितल्या. त्या बाहेरून आत वितळल्या होत्या, म्हणजे आग वायरीत लागली नव्हती, वायरीपर्यंत पोचली होती. तसं तिने म्हटल्यावर दुसऱ्या भेटीत तो म्हणाला, येणाऱ्या-जाणाऱ्या कुणीतरी सिगारेट टाकली असणार. पण आग दाराशी नव्हे, मागच्या खोलीत सुरू झाली होती. तिथलं इस्त्रीचं टेबल मधोमध जळून आरपार झालं होतं आणि खाली राखेत इस्त्रीचा लोखंडी तळ पालथा पडला होता. तो तळ तिने त्याच्यापुढे ठेवला, तेव्हा त्याने तो बोटाने जरा बाजूला सारला आणि म्हणाला, "मीच विसरलो. सकाळी निघताना इस्त्री चालू राहिली. माझी चूक आहे, लिहा तसं."

तिसरी गोष्ट राखेशी जुळत होती, पण घड्याळाशी जुळत नव्हती. तो सकाळीच पोशाख घेऊन एका शाळेत गेला होता आणि आग लागल्याचा फोन येईपर्यंत तिथेच मुलांच्या शेपट्या बांधत होता. नाटक बसवणाऱ्या शिक्षिकेने तसं सांगितलं. सकाळपासून तापलेल्या इस्त्रीने दुपारपर्यंत वाट बघितली नसती.

साहेबांच्या मते प्रकरण आरशासारखं स्वच्छ होतं. तीन वेळा तीन जबाब, तिन्ही खोटे. स्वतः शाळेत जाऊन बसला, मागे दुसऱ्या कुणाकडून काम करून घेतलं. सोमवारी त्याला सहीला बोलवा, त्याच तिसऱ्या जबाबावर सही करू दे, आणि खोट्या जबाबाच्या कलमाखाली दावा फेटाळून मोकळे व्हा. एरवी भिंगबाईनेही हेच म्हटलं असतं. या वेळी ती म्हणाली की सोमवारपर्यंत काही ठरवू नका. का, ते तिलाही नीट सांगता आलं नाही. तिसऱ्या गोष्टीने तिला अडवून धरलं होतं. खोटं बोलणारा माणूस गळ्यातला फास दुसऱ्याच्या गळ्यात टाकतो; याने तो ओढून स्वतःच्या गळ्यात घेतला होता.

शनिवारी वर्गात निवेदकावर चर्चा होती. गोष्ट कोण सांगतो त्यावर गोष्ट कशी बदलते, हे लेखिका फिरत फिरत समजावत होती. 'मी' सांगतो तेव्हा आपण त्याच्या अगदी शेजारी बसतो, पण 'मी'ला स्वतःचा चेहरा दिसत नसतो. 'तो' म्हटलं की थोडं लांब उभं राहता येतं. माणसाला 'मी' म्हणून जे सांगवत नाही ते 'तो' म्हणून सांगवतं, आणि बहुतेक म्हणूनच हा गोष्टींचा धंदा एवढा काळ चालला, असं ती म्हणाली. मग टेबलाच्या टोकाशी थांबून तिने आणखी एक गोष्ट सांगितली, की सांगणारा काय सांगतो ते ऐकाच, पण तो कुणाला वगळतो तेही बघा. जो खोलीत असायला हवा आणि नाही, त्याच्याचभोवती पुष्कळदा सगळी गोष्ट फिरत असते.

भिंगबाईच्या हातातलं पेन थांबलं.

मधल्या सुटीत ती चहाला न थांबता जळक्या दुकानाकडे गेली. दारावरची पाटी अर्धी जळून लोंबत होती. उरलेल्या अर्ध्या भागावर 'अँड सन' एवढंच वाचता येत होतं. कित्येकदा ती त्या पाटीखालून आत गेली होती. सन तर भेटला, तिच्या मनात आलं, मग फादर कुठे आहेत?

ती मागच्या खोलीत गेली. टेबलाचे चार पाय अजून उभे होते. ती त्या पायांशी उभी राहिली, मग खाली वाकली. पाय मुद्दाम कापून ठेंगणे केलेले होते. तो ताडमाड माणूस या टेबलावर इस्त्री करायला उभा राहिला असता तर तासाभरात त्याची कंबर धरली असती. हे टेबल बुटक्या माणसाचं होतं, त्याच्या मापाने बनवलेलं, आणि कडेचं लाकूड जिथे जळालं नव्हतं तिथे वर्षानुवर्षं पोट टेकून ते गुळगुळीत झालेलं होतं. तीन जबाबांत सिगारेट ओढणारा अनोळखी माणूस होता, शाळेतली शिक्षिका होती. या टेबलाशी उभा राहणारा माणूस मात्र एकाही जबाबात नव्हता.

सोमवारी संध्याकाळी पोशाखवाला सहीला यायचा होता, पण तिने तेवढी वाट बघितली नाही. ती त्याच्या घरी गेली, भरदुपारी, जेवणं उरकल्यावर. दार त्यानेच उघडलं. तिला बघून त्याचा चेहरा पडला. त्याने आवाज खाली आणून विचारलं की सहीसाठी मीच येणार होतो ना. ती म्हणाली, सहीच्या आधी एक माणूस भेटायचा राहिलाय.

खोली नीटनेटकी होती. खिडकीशी वेताच्या खुर्चीत एक बुटके, गोरटेले म्हातारे गृहस्थ बसले होते. मांडीवर एक रुमाल होता. तो रुमाल ते तळव्याने सपाट करत, उचलून घडी मोडत आणि पुन्हा सपाट करत. मुलगा दारातच आडवा उभा राहिला. बाबांची तब्येत बरी नसते, विसरतात, त्यांना यात ओढू नका, असं तो घाईघाईने सांगू लागला. आग वायरीने लागली एवढंच त्यांना माहीत आहे, आणि तेवढंच माहीत असू दे.

"तुम्हाला काय हवंय, ते आता मला कळलं," भिंगबाई म्हणाली. "पण त्यासाठी तुम्ही चुकीच्या कागदावर सही करायला निघालात. घरातल्या माणसाच्या हातून चूक झाली तर विमा बुडत नाही. विमा असतोच त्यासाठी. खोट्या जबाबाने मात्र नक्की बुडतो. तुमची अजून सही झालेली नाही. मी त्यांना काहीही सांगणार नाही, नुसतं ऐकेन. तुम्ही इथेच बसा."

तो बसला नाही, पण दारातून बाजूला झाला. तिने एक स्टूल ओढून म्हाताऱ्यांसमोर घेतलं. नेहमीचं वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं, पण तिने ते गिळलं. तुम्ही त्या दिवशी काय केलंत, असं विचारलं असतं तर या माणसाने रुमालाकडेच बघितलं असतं. तिने म्हटलं, "काका, मला एक गोष्ट सांगाल का? इस्त्री करणाऱ्या माणसाची."

म्हाताऱ्यांनी तिच्याकडे निरखून बघितलं. मग रुमालावरचा हात थांबला.

"एक इस्त्रीवाला होता," ते म्हणाले. आवाज बारीक होता पण स्वच्छ. "त्याच्याकडे मोठमोठे लोक यायचे. राजे यायचे, सेनापती यायचे, सिंह यायचे. सगळ्यांच्या चुण्या तो काढायचा. राजाच्या पाठीवर चुणी असली की मागच्या रांगेतली पोरं हसतात. मग तो राजा राहत नाही. म्हणून इस्त्रीवाला पाठ आधी करायचा, पुढचं मग."

ते आधी फार लांबून निघाले. इस्त्रीवाल्याने दुकान कसं घेतलं, त्याची बायको सिंहाच्या आयाळी कशी विणायची, ती गेल्यावर आयाळी बाहेरून विकत आणाव्या लागल्या आणि त्या सिंहांना कशा शोभल्या नाहीत. मध्येच एका शिपायाची वेगळीच गोष्ट निघाली, तिच्यातून एका विदूषकाची. दुसऱ्या कुठल्या साक्षीदाराच्या गोष्टीत भिंगबाईने एव्हाना भोक शोधायला घेतलं असतं. आता ती नुसती ऐकत राहिली. मुलगा भिंतीला टेकून उभा होता, तोही आता ऐकायला लागला होता.

"म्हातारपणी त्याच्या डोक्यात धुकं यायला लागलं," म्हातारे म्हणाले. "रोज नाही. यायचं, जायचं. मुलगा गुणी. म्हणायचा, बाबा, तुम्ही नुसते बसा, इस्त्रीला हात लावू नका. इस्त्रीवाला हो म्हणायचा. पण एके दिवशी राजाचा अंगरखा समोर टांगलेला, आणि पाठीवर ही एवढी चुणी. मुलगा शाळेत गेलेला. त्याने इस्त्री तापवली, चुणी काढली, आणि अंगरखा हातावर घेऊन बाहेर उजेडात बघायला गेला. आतला दिवा पिवळा आहे, त्यात कळत नाही. बाहेर ऊन चांगलं होतं. तेवढ्यात धुकं आलं. तो चालतच राहिला. त्याला वाटलं, राजाला अंगरखा नेऊन द्यायचाय. राजाचं घर काही सापडेना. परत आला तर राज्य जळत होतं."

म्हाताऱ्यांनी रुमालाची एक घडी घातली.

"मुलगा धावत आला. त्याने इस्त्रीवाल्याला मिठी मारली आणि म्हणाला, बाबा, वायर जळाली. इस्त्रीवाला म्हणाला, हो का. जळलेल्या कापडाचा वास त्याला कळत नाही होय? पण मुलाचं तोंड बघितलं आणि म्हणाला, हो का. मुलाला तेवढंच हवं होतं."

भिंगबाईने एकच प्रश्न विचारला. तो विचारावाच लागणार होता, कारण कागदावर इस्त्रीवाला चालला नसता.

"काका, तो इस्त्रीवाला कोण?"

"मॅडम, पुरे झालं," मुलगा म्हणाला.

म्हातारे मुलाकडे बघून हसले. "मीच की," ते म्हणाले.

मुलगा तिथेच फरशीवर बसला, वडिलांच्या पायांशी, लांब पाय दुमडून. तो रडला नाही, निदान बाईसमोर तरी नाही. त्याने फक्त विचारलं, की तुम्हाला माहीत होतं तर बोलला का नाहीत. वडील म्हणाले, तू एवढी मेहनत घेऊन खोटं बोलत होतास, मध्ये कसा बोलू. यावर मुलाला एकदम हसू फुटलं, आणि हसता हसताच त्याने डोळे पुसले. त्या आगीनंतर दोघे एकमेकांपासून तीच एक गोष्ट लपवत एका घरात वावरले होते. एक वायरी तपासून घेतल्या पाहिजेत म्हणायचा, दुसरा हो हो म्हणायचा.

मग मुलाने उठून कपाटातून अंगरखा आणला. लाल मखमलीचा, जरीच्या काठाचा. त्या दिवशी वडिलांच्या हातावर तो सापडला होता आणि कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून त्याने तो चादरींखाली दडवला होता. भिंगबाईने तो खिडकीशी नेऊन उजेडात उलटवला. पुढे चादरींनी पाडलेल्या चुण्या होत्या. पाठ मात्र काचेसारखी सपाट होती.

चौथा जबाब तिथेच लिहिला गेला. मुलाने सही केली, आणि वडिलांनीही केली, सावकाश, प्रत्येक अक्षर इस्त्री केल्यासारखं.

साहेबांशी खडाजंगी झाली. त्यांचं म्हणणं, माणूस तीनदा खोटं बोलला हे खरं ना? मग आज खरं बोलला म्हणून त्याला हार घालायचे का? भिंगबाईने आवाज चढवला नाही. ती म्हणाली, "साहेब, लबाड माणूस स्वतःला वाचवायला खोटं बोलतो. हा शेवटी स्वतःला अडकवायला खोटं बोलला. तुम्ही अहवाल वाचा. वाचूनही फेटाळावासा वाटला तर फेटाळा, पण मग माझ्याऐवजी तुम्ही जाऊन त्यांना सांगा."

अहवाल तिच्या नेहमीच्या अहवालांहून लांब होता. पुरावे सगळे होते, टेबलाची उंची, वायरींची दिशा, शिक्षिकेचं म्हणणं, अंगरख्याची पाठ. पण या वेळी त्यात दोन माणसंही होती आणि प्रत्येकाला काय हवं होतं तेही होतं. साहेबांनी तो दार लावून वाचला. बाहेर आले तेव्हा, हल्ली तुमचे अहवाल फार पसरट होतात अशी कुरकुर त्यांनी केली, आणि शेवटच्या पानावर मंजुरीची सही करून कागद तिच्या हातात दिले.

पोशाखवाल्याने पलीकडच्या गल्लीत लहानसा गाळा घेतला. नवी इस्त्री आपोआप बंद होणारी आहे. म्हातारे पुढच्या भागात बसतात आणि मापाला आलेल्या मुलांच्या पाठीवरून हात फिरवून पोशाख बसलाय की नाही ते सांगतात. काही दिवस त्यांना दुकान ओळखू येत नाही. तेव्हा मुलगा दुपारीच शटर ओढतो आणि दोघे घरी जातात. हे सगळं भिंगबाईला कळलं कारण ती एकदा वाट वाकडी करून तिथे डोकावली होती. तसं करायचं तिच्या नोकरीत काहीच कारण नव्हतं.

वर्गात मात्र तिने हे कुणालाच सांगितलं नाही. औषधवाल्या गृहस्थांनी एकदा विचारलंही, की तुमच्याकडे तर एकाहून एक प्रकरणं असतील. ती म्हणाली, असतील, पण ती त्या लोकांची आहेत. ती गोष्ट सांगायचा हक्क ज्याचा, त्याची ती सांगून झाली होती.

तिने दुसरीच कथा लिहायला घेतली, साफ खोटी. एका बसस्टँडवर सामान सांभाळणारी बाई आणि न्यायला कुणीच न आलेली एक ट्रंक. ही बाई तिने कधी बघितली नव्हती, तो बसस्टँडही नव्हता. पहिल्या रविवारी तिने 'मी' म्हणून लिहिलं आणि फाडलं. दुसऱ्या रविवारी 'ती' म्हणून लिहिलं, आणि ती बाई ट्रंकेवर बसून डबा खायला लागली, तिने न सांगता. भिंगबाई चकितच झाली. जेवायची वेळ टळून गेली. नवरा दोनदा डोकावून गेला, तिसऱ्यांदा त्याने ताट तिथेच आणून ठेवलं. त्याने विचारलं, ट्रंकेत काय आहे? ती म्हणाली, "मलाही माहीत नाही. थांब जरा, ती उघडतेय का बघू."

कथा वाचली त्या शनिवारी कुणी झोपलं नाही. थोर झाली होती असं नाही. सुरुवात लांबली होती, आणि शेवटी तिने ट्रंकेचा अर्थ समजावून सांगितला होता, जो समजावून सांगायची काही गरज नव्हती. लेखिकेने दोन परिच्छेदांवर बोट ठेवलं आणि म्हणाली, हे काढलंत तर मी ही कथा रेडिओसाठी मागून घेईन. भिंगबाईने ते दोन्ही परिच्छेद पुन्हा वाचले, तिथेच, सगळ्यांसमोर. समजावणीचा परिच्छेद तिने पेनाने आडवा काटला. दुसऱ्यात ती बाई डबा खात होती.

"हा नाही निघणार," ती म्हणाली. "तिला भूक लागली होती."

लेखिकेने पुष्कळ वाद घातला. कथेला वेग हवा, प्रत्येक वाक्याने पुढे ढकललं पाहिजे, डबा कुठेच ढकलत नाही. भिंगबाई मान न हलवता सगळं ऐकत राहिली. लेखिकेचं बोलून संपलं तेव्हा तिने कागद उचलले, पुन्हा एकदा तो परिच्छेद वाचला आणि म्हणाली, बरं, राहू दे.